शेळकेसरांचा वन्समोअर

आमच्या कन्याशाळेत घंटेपेक्षा कवायत शिकवणाऱ्या शेळकेसरांच्या आवाजाला जास्त मान होता. घंटा झाली तरी पोरी व्हरांड्यात रेंगाळायच्या, पण सरांनी मैदानातून एकदा "साऽवधान!" म्हटलं की वरच्या मजल्यावर भूगोल शिकवणाऱ्या बाईसुद्धा नकाशासमोर ताठ व्हायच्या. मी तिथं मराठी शिकवायचे आणि माझा वर्ग नेमका मैदानाच्या बाजूला. कवितेतली एखादी हळवी ओळ यावी आणि तिच्यावर सरांचं "एक दोन, एक दोन" धाडकन येऊन पडावं, हे रोजचंच. पहिल्या वर्षी मी त्यांच्यावर मनातल्या मनात धुमसत असे. पुढं ओळख झाली आणि माझा राग काही टिकला नाही, कारण सर सदान्‌कदा कुणाच्या तरी काळजीत असायचे आणि काळजीतल्या माणसाशी भांडायला मजा येत नाही.

दिसायला हे प्रकरण भारदस्त. सहा फूट उंची, भरघोस मिशी, खडू लावून पांढरेशुभ्र केलेले कॅनव्हासचे बूट. एवढ्या ऐवजाच्या आत काळीज मात्र सशाचं. क्रीडामहोत्सवात मुली एकमेकींच्या खांद्यावर चढून मनोरा रचायच्या, तेव्हा सर खाली दोन्ही हात पसरून उभे राहायचे आणि पुटपुटायचे, "पडंल... पडंल... नाय पडली." एका वर्षी अगदी वरच्या टोकाला उभी असलेली पोरगी तिथूनच ओरडली, "सर, तुम्ही जरा बाजूला व्हा ना, तुमच्याकडं बघून मला भीती वाटायलीय." सगळं मैदान हसलं. सर हसले नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबाही उघडला नाही.

त्यांची खरी काळजी होती ती गळ्याची. स्वतःच्या नव्हे, दुसऱ्याच्या. स्टाफरूममध्ये कुणी खाकरलं की त्यांची मान वळायची. थंडीत मी मफलर न गुंडाळता आले की लगेच, "पाठकबाई, गळा झाका. आवाजाचा काय भरवसा नाय." दुसऱ्या दिवशी टेबलावर ज्येष्ठमधाची कांडी ठेवलेली असायची. हे वाक्य ते इतक्यांदा म्हणत, की मुलींनी त्याची नक्कल बसवली होती आणि ती सरांच्या देखत करून दाखवली तरी त्यांना चालायची. फक्त नक्कल करणारीला ते वर म्हणायचे, "एवढं ओरडू नको, गळा बसंल."

सर मूळचे लासूर स्टेशनचे. शेती भाऊ बघायचा, हे नोकरीसाठी शहरात. त्या वेळी शहराला औरंगाबादच म्हणत. पोलीस अ‍ॅक्शन झाली तेव्हा ते प्राथमिक शाळेत होते. सुरुवातीची अक्षरं उर्दूत गिरवली आणि मग पाटी एकदम उलट बाजूनं लिहायला लागली, असं ते सांगायचे. त्यामुळं बोलणं मराठवाडी, त्यात मध्येच एखादा घरंदाज उर्दू शब्द. कार्यक्रमात कुठलं गाणं कितव्या नंबरावर येणार याला ते 'फेहरिस्त' म्हणत. हा शब्द आमच्या स्टाफरूममध्ये इतका रुळला की मुख्याध्यापिकाबाई परीक्षेच्या वेळापत्रकालासुद्धा फेहरिस्त म्हणू लागल्या.

आता गाण्यांचं सांगते. पुण्याहून वर्षातून एकदा 'चांदणझुला' नावाचा ऑर्केस्ट्रा यायचा. सिनेमातली गाणी सगळेच ऑर्केस्ट्रे वाजवत, यांची स्वतःची बसवलेलीही पुष्कळ होती. त्यातला मुख्य गायक मधू सरंजामे आणि त्याचं गाजलेलं गाणं होडीचं. नावेतून गेलेल्या माणसाला काठावरची बाई हाक मारते, एवढंच ते गाणं. शेवटच्या कडव्यात ती हाक चढत चढत जाते आणि 'ये' या एका अक्षरावर गायक इतका वर जाऊन थांबतो की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यायचा विसरावा. लोक त्याला 'वरची ओळ' म्हणायचे. पानाच्या दुकानावरसुद्धा चर्चा चालायची, औंदा वरची ओळ कशी लागली म्हणून.

या कार्यक्रमाला मी पहिल्यांदा सरांच्या शेजारी बसले, तेव्हा मला गाण्यापेक्षा त्यांनाच बघावंसं वाटलं. आपण गाणं ऐकतो म्हणजे मागं रेलतो, डोळे मिटतो. सर खुर्चीच्या कडेवर बसलेले, तळव्यांना घाम. सरंजामे वर जाऊ लागला की सरांच्या गळ्याची घाटी वर जायची. गात होता तो आणि दम लागत होता यांना. वरची ओळ पार पडली की ते रुमालानं तोंड पुसायचे आणि हळूच म्हणायचे, "सुटलो." मी एकदा विचारलं, "सर, एवढा त्रास होतो तर येता कशाला?" ते माझ्याकडं बघतच राहिले. म्हणाले, "मी नाय आलो तर त्याचं कसं व्हायचं?"

आणि "सुटलो" म्हणून झालं की लगेच उभे राहायचे. कारण यापुढचं काम त्यांचं होतं. आमच्या गावच्या पब्लिकला एखादी गोष्ट आवडली की ती दुसऱ्यांदा वाढून घेतल्याशिवाय चैन पडत नाही, मग ती जिलेबी असो की गाणं. पण वन्समोअर कुणी सुरू करायचा याचा आमच्याकडं एक न ठरवलेला शिरस्ता होता. सातव्या रांगेतल्या कडेच्या खुर्चीवरून शेळकेसर उठणार, उजवा हात वर करणार आणि "वन्समोऽअर!" अशी आरोळी देणार. मग सगळं रंगमंदिर त्यांच्या मागून. निम्म्या बायका त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी. सरांचा हात वर गेला की आपण काय करायचं, हे त्यांच्या अंगात भिनलेलं. सरंजामेही ओळखायला लागला होता. हसून सातव्या रांगेकडं बघायचा आणि म्हणायचा, "सरांचा हुकूम." सर त्यानंतर आठवडाभर शाळेत तरंगत असायचे.

मग ते एक वर्ष आलं. होडीचं गाणं झालं, सर उठले, वन्समोअर झाला. सरंजामे त्या दिवशी थोडा दमलेला वाटत होता, पाणी पिऊन त्यानं परत सुरू केलं. वरच्या ओळीवर त्याचा आवाज फुटला. नुसता चिरकला असता तर लोकांनी टाळ्यांत झाकून घेतलं असतं. आवाज गेलाच. तोंड उघडं आणि त्यातून काही येत नाही. वाद्यं थोडी पुढं गेली, मग एकेक करून थांबली. पडदा पडला, तेव्हा कुठं लोकांनी धीर द्यायला टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी ऑर्केस्ट्रा आला नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. सरंजामेच्या गळ्याचं ऑपरेशन झालं असं कुणी म्हणालं, कुणी म्हणालं गाणं सोडून त्यानं कॅसेटचं दुकान टाकलं. सरांनी हे सगळं खरं मानलं आणि सगळं स्वतःच्या माथी घेतलं. "त्याला पाणी प्यायला लागलं तवाच मला कळाया पायजे होतं," असं ते म्हणायचे. आम्ही समजूत घालायचो की वन्समोअर तर अख्ख्या रंगमंदिरानं दिला. त्यावर ते म्हणायचे, "मागून आल्ते बाई सगळे. पुढं मी होतो." मैदानावर त्यांचा आवाज निम्म्यावर आला. मुली "एक दोन"ला चुकायला लागल्या. मला वर्गात शांतता मिळाली आणि ती अजिबात आवडली नाही.

तिसऱ्या वर्षी क्रांती चौकात पोस्टर लागलं. 'चांदणझुला', रविवारी दुपारी, आणि खाली ठसठशीत अक्षरांत मधू सरंजामे. सर सायकलवरून पडता पडता वाचले, असं अन्वरभाईंनी येऊन सांगितलं. अन्वरभाईंचं हॉटेल शाळेच्या फाटकासमोर होतं. मधल्या सुट्टीत ते स्वतः किटली घेऊन स्टाफरूममध्ये यायचे आणि चहा ओतून झाला तरी हलायचे नाहीत, कारण गाण्याचं वेड त्यांनाही होतं.

त्या दिवसापासून आमच्या मधल्या सुट्टीत दुसरा विषय उरला नाही. सर टेबलावर खडूचे तुकडे ओळीनं मांडायचे, एकेक तुकडा म्हणजे एकेक गाणं.

"पहिलं वंदन. ते समदे मिळून म्हनतात, गळ्याला तोशीस नाय. दुसरं बाईचं. तिसरं जोडीनं. मग मधू एकटा, पण खालच्या पट्टीतलं काहीतरी. मग मिमिक्रीवाला."

"और होडी?" अन्वरभाई विचारायचे.

"मध्यंतरानंतर दुसरं. पहिल्या गाण्यात गळा तापतो, दुसऱ्याला मोकळा होतो."

दुसऱ्या दिवशी तोच खडू मध्यंतराच्या अलीकडं आलेला असायचा. मध्यंतरात तो गरम चहा पिणार आणि चहानं गळा सैल पडतो, हा विचार त्यांना रात्रीतून सुचलेला असायचा. तिसऱ्या दिवशी तो खडू मिमिक्रीच्या लगेच मागं. "मिमिक्रीवाला पंधरा मिनिटं खातो. तेवढा आराम." मी मुद्दाम विचारायचे, "आणि मिमिक्रीला लोक हसलेच नाहीत, तो लवकर आटपला तर?" सरांचा चेहरा असा उतरायचा की माझी मलाच लाज वाटायची.

एकदा अन्वरभाई बोलून गेले, "सर, मेरेकू पूछो तो होडी इस बार फेहरिस्त में हैच नै. ऑपरेशन का गला है. कौन खतरा मोल लेता?"

 सरांनी होडीचा खडू उचलला, मुठीत धरला आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "त्यानं ते गायलं नाय, तर मग गळा गेलाच म्हनायचा. माझ्यापायी गेला. आन गायला आन फिरून फुटला, तर..."  अन्वरभाईंनी किटली उचलली. "कायकू जान जला रहे सर? गाना है, इम्तिहान नै." पण त्यांचा आवाजही नरमला होता.

त्याच संध्याकाळी सरांनी मला थांबवून सांगितलं, "बाई, एक ठरवलंय. गायला तर मी हात वर करनार नाय. वन्समोअर होऊच द्यायचा नाय." मी म्हटलं, हे तर उत्तम. तुम्ही बसून राहिलात की लोकही बसतील. दोघांनाही ते पटलं. इतकं सोपं होतं सगळं.

रविवारी सर माझ्या आधी येऊन सातव्या रांगेत बसलेले होते. सकाळपासून उपाशी. अंगावर इस्त्रीचा सदरा आणि खिशात ज्येष्ठमध. ते आत सरंजामेला नेऊन द्यायचं त्यांच्या मनात होतं, पण पाय उचलेना. पडदा वर गेला. सरंजामे दिसला. बारीक झाला होता, गळ्याला रेशमी रुमाल. वंदन झालं, बाईचं झालं, जोडीचं झालं, सरंजामेचं खालच्या पट्टीतलं झालं. फेहरिस्त तंतोतंत बरोबर येत होती. प्रत्येक गाण्याला सर माझ्याकडं बघून मान हलवत. मिमिक्रीवाला आला, लोक हसले, व्यवस्थित वेळ खाऊन गेला. "आता," सर म्हणाले.

आलं दुसरंच. मध्यंतर झालं. मध्यंतरानंतरचं पहिलं गाणं दुसऱ्या पोरानं म्हटलं, दुसरंही त्यानंच. सरांनी मान खाली घातली. मागच्याच रांगेत बसलेल्या अन्वरभाईंचा हात त्यांच्या खांद्यावर आला. तो हात तसाच राहिला. एक नाच झाला, एक लावणी झाली. निवेदक आभाराचं बोलू लागला, तशी मलाही आशा उरली नाही. आणि निवेदकाचं बोलणं चालू असतानाच बासरीनं होडीचं गाणं सुरू केलं.

 सरंजामेनं गळ्याचा रुमाल सोडून पेटीवर ठेवला. पहिलं कडवं जपून गायला. दुसऱ्यात आवाज उघडला. खुर्चीचा हात समजून सरांनी माझं मनगट धरलं होतं, आणि त्यांना ते कळलंही नव्हतं. शेवटचं कडवं आलं. हाक चढू लागली. वरच्या ओळीला तो पोचला आणि 'ये' म्हणून नुसता शिवून खाली आला. थांबला नाही, पण फुटलाही नाही. सरांनी मनगट सोडलं. "सुटलो," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

टाळ्या थांबेनात. मागच्या बाजूनं कुणीतरी अर्धवट "वन्स..." म्हटलं आणि सर ताडकन उठले. बसून राहायचं ठरलेलं ते पार विसरले. लोकांना गप्प करायचं म्हणून त्यांनी मागं वळून दोन्ही हात वर केले. मी त्यांचा सदरा ओढला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. तीन वर्षं सगळ्यांनी ज्या हाताची वाट पाहिली तो हात वर गेला होता, आणि या वेळी एक सोडून दोन. त्यांच्या साऱ्या विद्यार्थिनी, त्यांचे नवरे, भाऊ, सगळे एका सुरात गरजले. सर हात हलवून "नाय, नाय" म्हणत होते. जितके हात हलत होते तितका आवाज वाढत होता. ज्या माणसाच्या आवाजानं वरच्या मजल्यावरच्या बाई ताठ व्हायच्या, त्याच्या गळ्यातून त्या वेळी शब्द फुटेना.

सरंजामेनं सातव्या रांगेकडं पाहिलं आणि त्याला ओळख पटली. तो मायक्रोफोनपाशी येऊन हसत म्हणाला, "काय सर? हुकूम?"

सरांनी स्टेजकडं वळून जोरजोरात मान हलवली. नाही, नाही म्हणून. हातसुद्धा जोडले.

सरंजामेचं हसू मावळलं.  मग म्हणाला, "सरांना आवडलेलं दिसत नाही. खरं आहे, वरची ओळ मी आज चोरली. मग तर पुन्हा म्हणायलाच पाहिजे." आणि त्यानं बासरीवाल्याला खूण केली.

सर माझ्याकडं वळले. असा चेहरा मी मनोरा रचताना खाली उभे असलेल्या सरांचाही पाहिला नव्हता. "बाई, मी मारलं ह्याला," एवढंच म्हणाले आणि रांगेतून बाहेर पडून दरवाज्याकडं चालू लागले. मला त्यांच्या मागं जायला हवं होतं. पण माझे पाय उठले नाहीत. गाणं सुरू झालं होतं आणि आता काय होतं ते पाहिल्यावाचून मला राहवेना.  सरांची काळजी त्या दिवशी मला लागली, सर्दी लागावी तशी.

वरची ओळ आली. तो वर गेला. पोचला आणि थांबला. तीन वर्षांपूर्वी जिथं तोंड उघडं राहून आत काही नव्हतं, तिथं आता आवाज होता, थोडा खरखरीत, पण भरलेला. तो खाली येईचना. मागून अन्वरभाई "या अल्ला, या अल्ला" म्हणत होते. मग तो उतरला, सावकाश, एकेक पायरी, आणि सगळं रंगमंदिर उभं राहिलं. मी लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पळाले.

बाहेर अजून चांगलं ऊन होतं. सर सायकल स्टँडच्या भिंतीकडं तोंड करून उभे होते. दोन्ही कानांत बोटं खुपसलेली, डोळे गच्च मिटलेले. मी हाका मारल्या, ऐकू कशा जाणार! शेवटी पुढं जाऊन उभी राहिले. त्यांनी डोळे उघडले, बोटं काढली आणि विचारलं, "फुटला?"

"नाही सर. लागला. पूर्ण लागला."

"मन राखायलात माझं."

"शपथ घेते. थांबला तो तिथं."

"थांबला? त्या 'ये'वर? किती?"

आता हे कसं सांगायचं? आत टाळ्यांचा कडकडाट चालला होता, तो त्यांना पुरेसा पुरावा वाटत नव्हता. फुटला तेव्हाही लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, धीर द्यायला. ते म्हणाले, "म्हनून दाखवा."

मला आयुष्यात सूर लागलेला नाही. प्रार्थनेला मी नुसते ओठ हलवते. पण सर समोर उभे होते, तीन वर्षांचे उपाशी असावेत असे. मी आजूबाजूला पाहिलं, पदर घट्ट खोचला आणि त्या सायकलींच्या मध्ये उभी राहून शेवटच्या कडव्याची हाक मारायला लागले. माझा आवाज पहिल्याच चढाला फाटला. तरी मी वर गेले, 'ये' धरला आणि दम संपेपर्यंत सोडला नाही. रस्त्यानं जाणारा एक माणूस थबकून बघत राहिला.

सर खाली मान घालून ऐकत होते. माझ्या गळ्याची काळजी करायचंसुद्धा त्यांना सुचलं नाही. मी थांबले तेव्हा त्यांचा चेहरा हळूहळू सैल होत गेला, मिशी थरथरली.

पुढच्याच महिन्यात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि भावाच्या जोडीला लासूरला शेतीवर गेले. नंतर आमची भेट झाली नाही. त्यामुळं मला सर आठवतात ते त्या भिंतीपाशी, सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसत असलेले. आत शेवटचं गाणं सुरू झालं होतं. मी म्हटलं, "चला सर, आत जाऊ." त्यांनी मान हलवली, दोन्ही हात भिंतीला टेकले आणि म्हणाले, "परत म्हना, बाई."

मी परत म्हटलं.